एपवर्थच्या घरातील शाळा

जून महिन्यात शाळा उघडली म्हणजे मुलांची नावे दाखल करण्यास पालक येतात, आणि काम आटोपून निघताना त्यांपैकी पुष्कळजण एक वाक्य आवर्जून बोलतात : "मास्तर, ह्याला जरा वळण लावा." ह्या विश्वासाबद्दल शिक्षकास आनंद वाटतो, तसा थोडा संकोचही वाटतो. कारण दहा-अकरा वर्षांचे मूल आमच्या हाती येते, तेव्हा त्याच्या वळणाची पहिली रेघ केव्हाच उमटून गेलेली असते. आणि ती उमटविणारे हात घरातले असतात. आमच्याकडे मूल दिवसाचे पाच-सहा तास असते. उरलेले अठरा तास ते घरच्या शाळेत असते. त्या शाळेला हजेरीपट नाही, परीक्षा नाही आणि सुटीही नाही.

ही घरची शाळा कशी चालवावी ह्याविषयी कोरडा उपदेश करण्यापेक्षा, ती खरोखर चालविलेल्या एका मातेची हकीकत सांगणे अधिक उपयोगाचे होईल. ती माता म्हणजे सुसॅना वेस्ली. मेथोडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली व प्रसिद्ध गीतकर्ते चार्ल्स वेस्ली ह्यांची ही आई होय. आपल्या मुंबई-पुण्याकडील मेथोडिस्ट मंडळ्यांचा उगम शोधीत गेल्यास शेवटी आपण ह्याच बाईच्या स्वयंपाकघराशी येऊन पोहोचतो.

सुसॅना हिचा जन्म १६६९ साली लंडन येथे एका पाळकाच्या घरी झाला. पंचवीस भावंडांत ती सर्वांत धाकटी. १६८८ साली तिचा विवाह सॅम्युएल वेस्ली ह्यांच्याशी झाला. ते पुढे लिंकनशायर परगण्यातील एपवर्थ गावी पाळक होते. तिला एकोणीस अपत्ये झाली. त्यांपैकी नऊ बालपणीच दगावली. दारिद्र्य तर घरात ठाण मांडूनच बसले होते. १७०५ साली कर्ज न फिटल्यामुळे तिच्या पतीस लिंकनच्या किल्ल्यात कैदेत राहावे लागले. अशा स्थितीत तिने मुलांस व मुलींस सारखेच घरी शिकविले. तिची पद्धत आपणांस तपशीलवार ठाऊक आहे, ह्याचे कारण असे की, जॉनने मोठेपणी ती लिहून मागितली व तिने २४ जुलै १७३२ रोजी एका दीर्घ पत्रात ती लिहून दिली.

ह्या पत्रावरून असे दिसते की, पाच वर्षे पुरी होईपर्यंत ती मुलास अक्षरओळख करून देत नसे. धाकट्या केझियाच्या बाबतीत मात्र दुसऱ्यांच्या आग्रहावरून तिने हा नियम मोडला. तेव्हा इतर भावंडे जे थोड्या महिन्यांत शिकली, ते शिकण्यास केझियाला कित्येक वर्षे लागली. तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पाटी-पेन्सिल देण्याची घाई करणाऱ्या आजच्या पालकांनी हा अनुभव लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मूल पाच वर्षांचे झाले की आदल्या दिवशी घर आवरून ठेवावयाचे, प्रत्येकास त्याचे काम नेमून द्यावयाचे, आणि सकाळी नऊ ते बारा व दुपारी दोन ते पाच ह्या वेळात अभ्यासाच्या खोलीत कोणी पाऊल टाकावयाचे नाही, असा दंडक असे. पहिल्या दिवशी अक्षरे. बहुतेकांनी ती एका दिवसात आत्मसात केली. दोघी मुलींस मात्र दीड दिवस लागला. तेव्हा त्या मंद आहेत असे आईस वाटले. परंतु पुढे इतरांची मुले पाहून आपला तो समज तिने बदलला. अक्षरांनंतर लगेच उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय. एक वचन अक्षरे जुळवून बिनचूक वाचता येईपर्यंत दुसऱ्यास हात लावावयाचा नाही. थोडे, पण पक्के, हे त्या शाळेचे सूत्र होते.

परंतु वाचन हा त्या शिक्षणाचा लहान भाग होता. मुख्य हेतू शील घडविण्याचा. मूल बोलू लागताच त्यास प्रभूची प्रार्थना शिकविली जाई. रडून मागितलेली वस्तू कधीच मिळत नसे. नम्रपणे मागावी लागे. जेवणाच्या वेळा ठरलेल्या, मधल्या वेळी खाणे नाही, आणि रात्री आठ वाजता सर्व लहान मुले अंथरुणात.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. त्या काळाच्या रीतीस अनुसरून ही बाई छडीही वापरीत असे, आणि वर्षाच्या मुलानेही छडीला भिऊन हळू रडावे असे तिने लिहिले आहे. हा भाग आपण घेऊ नये. आपल्या देशात २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने शाळेत मुलांस मारण्यास बंदी केली आहे. आणि जे शाळेत अयोग्य, ते घरी योग्य कसे ठरेल? भीतीने मूल गप्प होते, चांगले होतेच असे नाही. परंतु हीच बाई पुढे जे नियम सांगते, त्यांतील बरेचसे मुलापेक्षा आईबापांच्याच हाताला आवर घालणारे आहेत, आणि माझ्या मते तिचे खरे मोठेपण त्यांतच आहे.

तिचा पहिला नियम असा की, मुलाने आपला अपराध कबूल करून सुधारण्याचे वचन दिल्यास त्यास मार द्यावयाचा नाही. भीतीमुळे मुले खोटे बोलू लागतात, हे तिने ओळखले होते. दुसरा असा की, एका अपराधाबद्दल दोनदा शिक्षा नाही, आणि मूल सुधारल्यावर मागची गोष्ट पुन्हा उकरून काढावयाची नाही. तिसरा असा की, मुलाने प्रसन्न करण्याच्या हेतूने काही केले आणि ते नीट साधले नाही, तरी हेतूचे कौतुक करून अधिक चांगले कसे करावे हे प्रेमाने दाखवावयाचे. चौथा असा की, दुसऱ्याची वस्तू, मग ती टाचणी का असेना, त्याच्या संमतीवाचून घ्यावयाची नाही. पाचवा असा की, दिलेले वचन पाळावयाचे व दिलेली वस्तू परत घ्यावयाची नाही. आणि आणखी एक नियम त्या काळच्या मानाने फारच धीट होता : मुलीस चांगले वाचता येईपर्यंत तिला घरकामास जुंपावयाचे नाही.

९ फेब्रुवारी १७०९ च्या रात्री एपवर्थच्या घरास आग लागली. साडेपाच वर्षांचा जॉन वरच्या मजल्यावर अडकला. शेजाऱ्यांपैकी एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर उभे राहून त्यास खिडकीतून काढले. सर्वांचे प्राण वाचले, पण घर जळाले व मुले निरनिराळ्या कुटुंबांत विखुरली. नवे घर बांधून झाल्यावर ती परत आली, तेव्हा त्यांची भाषा ओबडधोबड झाली होती, वाईट गाणी तोंडी बसली होती आणि प्रभुवाराचा आदर सुटला होता. कित्येक वर्षांची मेहनत थोड्या काळात ढासळली. तिने कपाळाला हात लावला नाही. पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. शाळेच्या प्रारंभी व शेवटी स्तोत्र गाण्याची चाल तेव्हापासून पडली. संध्याकाळी पाच वाजता सर्वांत मोठ्या भावंडाने सर्वांत धाकट्यास, त्याच्या खालच्याने पुढच्यास, असे जोडीजोडीने बसवून शास्त्र वाचून दाखवावयाचे, असा पाठ तिने घालून दिला. मोठ्या मुलास धाकट्याचे शिक्षक केल्याने दोघांचेही कल्याण होते, हे आम्ही शिक्षक रोज अनुभवतो.

ह्याच सुमारास एक अशी गोष्ट घडली की तिचा संबंध आपल्या देशाशी आहे. तमिळ प्रांतातील तरंगंबाडी येथे १७०६ साली झीगेनबाल्ग व प्लुट्शाव हे दोन मिशनरी डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयाने आले होते. त्यांच्या कार्याचा वृत्तांत वेस्लींच्या अभ्यासिकेत थोरल्या मुलीस सापडला व तिने तो आईस वाचून दाखविला. सुसॅनाचे अंतःकरण हलले. आपण परदेशी जाऊ शकत नाही, उपदेशकही नाही. मग आपण काय करावे? तिने आपल्या मुलांपासूनच आरंभ करण्याचे ठरविले. रोज रात्री एका मुलाशी एकांतात बोलावयाचे, असा नेम तिने धरला. गुरुवार जॉनचा, शनिवार चार्ल्सचा, आणि रविवारी दोघी मुली, ह्याप्रमाणे आठवड्यात आठही मुलांची पाळी येई. १७१२ सालच्या एका पत्रात हे तिने स्वतः लिहिले आहे. पुढे जॉन ऑक्सफर्ड येथे अध्यापक झाला, तेव्हाही त्याने आईस लिहून कळविले की, त्या गुरुवारच्या वेळातील थोडा भाग अद्यापही आपणासाठी राखून ठेवावा. तिशीच्या घरातील विद्वान पुत्रास ज्या वेळाची आठवण होते, त्याचे मोल काय सांगावे!

हे वाचले तेव्हा मी स्वतःकडे पाहिले. शाळेत मी दरसाल शेकडो मुलांस सत्य व वचन ह्यांवर धडे देतो. एका शनिवारी मी माझ्या धाकट्या मुलीस नदीवर नेण्याचे कबूल केले होते. तपासावयाच्या वह्यांमुळे ते राहिले. असे तीनदा झाले. चौथ्या वेळी मी पुन्हा "नक्की" म्हणालो, तेव्हा ती रागावली नाही, रडली नाही, पुस्तकातून मान वर न करता एवढेच म्हणाली, "बरे पपा." त्या "बरे" मध्ये विश्वास उरला नव्हता, आणि तो घालविणारा मी होतो. दुसऱ्या दिवसापासून वह्या शाळेतच तपासून येण्याचा परिपाठ ठेवला. आता आमच्या घरी मंगळवारची संध्याकाळ तिची आहे. पहिले तीन मंगळवार ती फारसे बोललीच नाही. चौथ्या मंगळवारी बोलली.

मात्र एपवर्थचे घर म्हणजे स्वर्ग होता, असे कोणी समजू नये. सर्वांत बुद्धिमान मुलगी हेटी. ती आठव्या वर्षी ग्रीक नवा करार वाचीत असे. तरुणपणी तिच्या हातून एक गंभीर चूक घडली. संतप्त बापाने १७२५ साली प्लंबरचा धंदा करणाऱ्या एका अल्पशिक्षित मनुष्याशी तिचा विवाह करविला. तो संसार सुखाचा झाला नाही, आणि बापाचे मन तिच्याविषयी वळले नाही. सुधारलेल्यास मागची चूक बोलून दाखवू नये, हा त्या घराचाच नियम त्या घरानेच मोडला. पुढच्याच वर्षी जॉनने चुकलेल्यांवर दया करण्याविषयी उपदेश करून बहिणीची बाजू घेतली व बापाचा रोष पत्करला. घरचा धडा बाप विसरला, पण मुलगा विसरला नाही.

ह्यावरून मुलांस शाळेतून काढून घरी बसवावे, असे मी सुचवीत नाही. स्वतः वेस्ली कुटुंबाने जॉनला १७१४ साली व चार्ल्सला १७१६ साली लंडनच्या शाळांत पाठविले. घराने पाया घातला, शाळेने भिंती उभारल्या. पालकहो, आपण आठवड्यातून प्रत्येक मुलास एक संध्याकाळ द्या, दिलेला शब्द पाळा, आणि कबूल केलेल्या अपराधास क्षमा करा. आणि विद्यार्थ्यांनो, तुमचेही काम आहे. घरात तुमच्याहून धाकटे कोणी असेल, तर आज संध्याकाळी त्यास जवळ बसवून काही वाचून दाखवा. त्या घटकेपुरते त्या शाळेचे शिक्षक तुम्ही आहात.