मामा, माव आणि मामू

आपल्या बेळगाव-निपाणी भागात एकाच गल्लीत मराठी, कानडी व दखनी ऐकू येते. बाजारहाट तिन्ही बोलींत बिनबोभाट चालतो. नात्यांची नावे मात्र एकीतून दुसरीत नेताना घसरतात.

मराठीत बापाचा भाऊ चुलता व आईचा भाऊ मामा. दखनीत चाचा व मामू. येथवर काही अडत नाही. पण कानडीत ‘माव’ म्हणजे मामा आणि सासराही. ‘अत्ते’ म्हणजे आत्या आणि सासूही. यात नवल नाही. जेथे मामाची मुलगी करण्याची चाल, तेथे मामाच सासरा होतो. मराठी सुना सासऱ्यांना ‘मामंजी’ व सासूला ‘आत्याबाई’ म्हणत आल्या, त्याचे मूळही हेच. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर व दक्षिण या दोन्ही रीतींच्या मधले स्थान दिले आहे, ते आपल्याकडे तर घरोघर पटते.

कानडी मुलखातील काही जातींत थोरल्या बहिणीची मुलगीही करतात. आम्हां मुसलमानांत भाची निषिद्ध. पण चुलत, मावस, आते, मामे या चारही भावंडांत निकाह चालतो. चुलतबहिणीला सख्खी मानणारा शेजारी हे ऐकून चपापतो, आणि मामा-भाचीचे लग्न ऐकून आम्ही चपापतो. असो.

खरी अडचण वारसाच्या कागदांत येते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला व पुढे दप्तर कानडीत आले. कानडीत ‘अळिय’ म्हणजे जावई, तसाच भाचाही. (विजयनगरच्या रामरायाला ‘अळिय’ म्हणत, ते कृष्णदेवरायाचा जावई म्हणून.) इंग्रजी ‘नेफ्यू’ तर याहून घातक, कारण त्यात पुतण्या व भाचा एकच होतात. समजा, एखादा निपुत्रिक गृहस्थ वारला आणि मागे विधवा, सख्ख्या भावाचा मुलगा व सख्ख्या बहिणीचा मुलगा एवढेच राहिले. हनफी कायद्याने विधवेला चौथा हिस्सा आणि उरलेले तीन हिस्से पुतण्याला. भाच्याला काहीच नाही. मराठीने व दखनीने (‘भतीजा’, ‘भांजा’) जपलेला हा भेद अर्जात पुसला गेला, तर नसत्या तक्रारी उभ्या राहतात.

म्हणून वंशवृक्षाचा दाखला काढताना नात्याचे नुसते नाव न देता ‘मयताच्या सख्ख्या भावाचा मुलगा’ असे सोडवून लिहावे. ट्रस्टच्या शिष्यवृत्तीच्या अर्जातही ‘पालकाशी नाते’ या रकान्यात ‘अंकल’ न लिहिता चुलता, मामा की मावशीचा नवरा, ते स्पष्ट लिहावे.