तार निघाल्यावर दिसणारे पांढरे डाग

दीड-दोन वर्षे दातांवर असलेली तार ज्या दिवशी निघते, तो दिवस घरात एखाद्या सणासारखा असतो. रायपूरमधील एखाद्या मराठी कुटुंबातील सोळा वर्षांची मुलगी त्या दिवशी आरशासमोर उभी राहते, अशी कल्पना करू. वेडेवाकडे दात एका रांगेत आलेले आहेत. परंतु तार अडकविण्यासाठी दातांवर चिकटवलेले ब्रॅकेट जेथे होते, त्यांच्या कडेने, विशेषतः हिरडीच्या बाजूस, खडूसारखे पांढरे डाग तिला दिसतात. त्यांच्या शेजारी उरलेला दात पिवळसर भासतो. घरातील मंडळी म्हणतात, ‘पांढरे आहे तेवढे स्वच्छ झाले, आता बाकीचेही तसे करून घेऊ.’ हा समज स्वाभाविक असला, तरी वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. पिवळसर दिसणारा भाग बहुधा निरोगी असतो, आणि पांढरा डाग ही कीड लागण्याची पहिली पायरी असते.

याचे कारण समजण्यासाठी दाताची रचना पाहिली पाहिजे. दाताच्या दिसणाऱ्या भागावर जे कठीण कवच असते त्यास दंतवल्क म्हणतात. ‘वल्क’ म्हणजे झाडाची साल. शब्द सुंदर आहे, पण एका बाबतीत फसवा आहे. झाडाची साल खरवडली गेली तर ती पुन्हा भरून येते. दंतवल्क घडविणाऱ्या पेशी मात्र दात हिरडीतून वर येता येताच नाहीशा होतात, म्हणून झिजून गेलेले दंतवल्क शरीर नव्याने तयार करू शकत नाही. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असलेला हा थर शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. हे खनिज म्हणजे कॅल्शियम व फॉस्फेट यांचे स्फटिक. ते दाटीने बसलेले असतात, म्हणून दंतवल्क बरेचसे पारभासक असते आणि त्याच्या आतील दंतिनाचा पिवळसर रंग त्यातून बाहेर झळकतो. दात किंचित पिवळा असणे हा त्याचा मूळ धर्मच आहे.

तोंडातील जंतू साखरेवर जगतात आणि अम्ल तयार करतात. दातांवरील जंतूंच्या चिकट थराचा सामू ५.५ च्या आसपास किंवा त्याखाली गेला की दंतवल्कातील खनिज विरघळू लागते. गोड चहाचा एक पेला किंवा जिलेबीचा एक तुकडा एवढ्याने हे घडते. नंतर लाळेमुळे अम्लता ओसरण्यास साधारणतः अर्धा ते एक तास लागतो. दिवसातून सहा वेळा थोडेथोडे गोड खाणे हे एकदाच भरपूर खाण्यापेक्षा दातांना अधिक बाधते, ते यामुळेच. तार बसविलेली असली म्हणजे ब्रॅकेटच्या कडेला ब्रश नीट पोचत नाही, अन्नकण व जंतू तेथे ठाण मांडून बसतात, आणि अवघ्या महिन्याभरातही पांढरा डाग उमटू शकतो.

आता खनिज गेले तर डाग पांढरा का दिसावा? खडीसाखरेचा खडा हातात घ्या. त्यातून प्रकाश आरपार जातो. तोच खडा खलात कुटला की पांढरीशुभ्र पूड होते. साखर तीच, परंतु कणाकणांमध्ये हवा शिरली आणि प्रत्येक कडेवर प्रकाश वाकून विखुरला. दंतवल्कातही असेच घडते. त्याच्या खनिजाचा अपवर्तनांक सुमारे १.६२ आहे, पाण्याचा १.३३ आणि हवेचा १.००. खनिज निघून गेलेल्या सूक्ष्म छिद्रांत पाणी असेल तर प्रकाश थोडा विखुरतो. हवा असेल तर पुष्कळ. दंतवैद्य दात कोरडा करून पाहतात त्याचे रहस्य हेच आहे. ओला असताना न दिसणारा आणि वाळल्यावरच दिसणारा डाग उथळ असतो. ओल्या दातावरही दिसणारा डाग अधिक खोल गेलेला असतो. वाचकांनी आपल्या पुढच्या दातावर कापूस फिरवून, ओठ उचलून धरून, मिनिटभर हे पाहण्यास हरकत नाही.

सुदैवाने या पायरीवरून परत फिरता येते. दंतवल्काचा वरचा पापुद्रा अजून शाबूत असतो, आणि लाळेत कॅल्शियम व फॉस्फेट विरघळलेले असतात. ब्रॅकेट निघून दात स्वच्छ राहू लागला की हे क्षार छिद्रांत पुन्हा बसू लागतात, आणि टूथपेस्टमधील फ्लोराइड त्यांना साहाय्य करते. पहिल्या काही आठवड्यांत सुधारणा वेगाने होते, पुढे ती मंदावते. म्हणून निदान काही महिने केवळ स्वच्छता ठेवून वाट पाहावी, असा सल्ला दिला जातो. पुढच्या दातांवरील डागांवर आरंभीच तीव्र फ्लोराइड लावू नये, असेही अनेक तज्ज्ञांचे मत आहे. वरचा थर झटकन भरून बंद झाला तर आतील पांढरेपणा तसाच अडकून राहण्याचा संभव असतो.

दात पांढरे करण्याची जी पद्धत आज सर्वत्र प्रचलित आहे, तिचा जन्म तारेच्या उपचारातच झाला, ही गोष्ट मोठी मनोरंजक आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील आर्कान्सॉ राज्यात बिल क्लूसमायर नावाचे दात सरळ करणारे दंतवैद्य होते. तार काढल्यानंतर रात्री घालावयाच्या साच्यात त्यांनी हिरड्यांची सूज उतरावी म्हणून एक जंतुनाशक द्रव घालण्यास सांगितले. त्यात कार्बामाइड पेरॉक्साइड होते. हिरड्या सुधारल्या, आणि दातही उजळल्याचे त्यांच्या ध्यानात आले. पुढे १९८९ मध्ये हेवूड व हेमन यांनी ही पद्धत शास्त्रीय नियतकालिकात मांडली. दहा टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडपासून सुमारे साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते. ते दातात झिरपून रंगीत द्रव्यांचे रेणू मोडते.

मग आमच्या मुलीने ते का लावू नये? पेरॉक्साइड रंग घालविते. गेलेले खनिज ते परत आणीत नाही. डागाभोवतीचा भाग उजळला की तफावत कमी भासते हे खरे. पण उपचार चालू असताना डाग आधी अधिकच ठळक दिसू शकतात आणि दात शिणशिणतात. शिवाय ब्रॅकेट चिकटविण्याच्या द्रव्याचा अंश दातावर राहिला असेल तर तो चहा-हळदीचा रंग धरतो आणि पेरॉक्साइडला दाद देत नाही. तो घासूनच काढावा लागतो. युरोपीय संघाने २०११ च्या निर्देशानुसार ०.१ टक्क्याहून अधिक हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली दात उजळण्याची उत्पादने अठरा वर्षांखालील व्यक्तींसाठी वर्ज्य ठरविली आहेत. लिंबू-मीठ वा कोळशाची पूड यांविषयी एवढेच सांगणे पुरे, की लिंबू स्वतःच अम्ल आहे.

छत्तीसगडात निदान करताना आणखी दोन गोष्टी ध्यानी घ्याव्या लागतात. पहिली गुडाखू. तंबाखू आणि गुळाची काकवी यांचे हे लुकण येथे पुष्कळ लोक बोटाने दातांना लावतात. महाराष्ट्रातील मशेरीचीच ही बहीण. तिचे डाग तपकिरी व बाहेरून बसलेले असतात. दंतमंजनात तंबाखू घालण्यास भारतात १९९२ पासून बंदी आहे, तरी सवय गेलेली नाही. दुसरी गोष्ट पाणी. गरियाबंद जिल्ह्यातील देवभोगसारख्या भागात भूजलात फ्लोराइड अधिक आढळते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड इष्ट, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालते. लहानपणी याहून जास्त मिळाले तर दात घडतानाच दंतवल्कात पांढरे पट्टे उमटतात. ते डाव्या-उजव्या दातांवर जोडीने असतात आणि तार लावण्यापूर्वीच्या छायाचित्रांतही दिसतात. तारेचा डाग ब्रॅकेटची कड धरून असतो. म्हणून तार बसविण्यापूर्वी दातांचे एक स्पष्ट छायाचित्र काढून ठेवलेले बरे.

वाट पाहूनही डाग राहिलाच, तर एक उपाय २००९ पासून उपलब्ध आहे. बर्लिन व कील येथील संशोधकांनी तो विकसित केला. डागाचा वरचा पापुद्रा अम्लाने उघडून, आतील छिद्रे वाळवून त्यांत पातळ रेझिन जिरवितात आणि ते प्रकाशाने कठीण करतात. रेझिनचा अपवर्तनांक सुमारे १.५, म्हणजे खनिजाच्या बराच जवळचा. त्यामुळे प्रकाशाचे विखुरणे थांबते. भज्यांच्या पुडीचा कागद तेल लागल्यावर अर्धपारदर्शक होतो, तसाच हा प्रकार. फार खोल डाग याने पुरता जात नाही, आणि खड्डा पडला असेल तर तो भरूनच घ्यावा लागतो.

तार निघाल्यानंतर दात जागच्या जागी राहावेत म्हणून दिलेला रिटेनर दंतवैद्य सांगतील तितका काळ घालावयाचा असतो, आणि दुकानातील उजळण्याचे जेल त्यातच भरण्याचा मोह पुष्कळांना होतो. रिटेनर त्यासाठी घडविलेला नसतो. जेल कडेने निसटून हिरडीवर जाते व ती पोळते.