लाभांशाचा कर कोणाच्या माथी?

लाभांशावरील कर कंपनीने भरला काय किंवा भागधारकाने भरला काय, परिणाम एकच, असा सर्वसाधारण समज आहे. भारतातील अनुभव मात्र निराळा आहे.

१९९७ साली लाभांश वितरण कर अस्तित्वात आला. लाभांश वाटताना कंपनीनेच कर भरावा आणि भागधारकाच्या हाती पडणारी रक्कम करमुक्त असावी, अशी ही योजना होती. २००२-०३ हे वर्ष वगळता ती २०२० पर्यंत टिकली. आरंभी १० टक्के असलेला दर अधिभार व उपकर धरून अखेरीस २० टक्क्यांच्या वर गेला. वसुलीला ही रीत सोयीची खरी. परंतु ज्याचे उत्पन्न करपात्रही नाही असा निवृत्त शिक्षक आणि कंपनीचा कोट्यधीश प्रवर्तक, या दोघांच्याही लाभांशाला सारखीच कात्री लागे. शिक्षकाला ती दिसतही नसे, एवढेच!

२०१६ साली वर्षाकाठी १० लाख रुपयांहून अधिक लाभांश मिळविणाऱ्या व्यक्तींवर १० टक्के जादा कर बसला. तो १ एप्रिलपासून लागू व्हावयाचा होता; तेव्हा अनेक कंपन्यांनी मार्चमध्येच अंतरिम लाभांश वाटून टाकला. कर कोणाला जाचतो आणि लाभांशाची वेळ कोण ठरवितो, हे त्यावरून उघड झाले.

१ एप्रिल २०२० पासून वितरण कर रद्द होऊन लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात धरला जाऊ लागला. लहान भागधारकाचा भार त्यामुळे हलका झाला. मोठ्या प्रवर्तकाचा मात्र ३५ टक्क्यांच्या वर चढला. साहजिकच नफा गंगाजळीत ठेवावा, किंवा भागांची पुनर्खरेदी करून पैसा द्यावा, याचे आकर्षण वाढले. पुनर्खरेदीची ही पळवाट बुजविण्यासाठी ऑक्टोबर २०२४ पासून तिची रक्कमही लाभांश मानण्यात आली. एका कंपनीने दुसरीकडून घेतलेला लाभांश मुदतीत आपल्या भागधारकांना वाटला, तर त्यावर दुबार कर पडू नये, अशी सवलतही २०२० च्या सुधारणेत होती. त्यामुळे भाग स्वतःच्या नावे ठेवावेत की कंपनीच्या, याचाही हिशेब प्रवर्तकांना नव्याने मांडावा लागला.

तात्पर्य, करसुधारणेने लहान भागधारकाला न्याय दिला. लाभांश किती द्यावा हे ठरविण्याची सत्ता मात्र दिली नाही. ती संचालक मंडळाकडेच राहिली, आणि तेथे बहुधा प्रवर्तकांचाच वरचष्मा असतो. म्हणून लहान भागधारकाने दोन गोष्टींविषयी जागरूक असावे: आपल्या लाभांशातून अकारण कापलेला कर विवरणपत्र भरून परत मागावा, आणि कंपनीच्या वार्षिक अहवालातील लाभांशाचे धोरण दरवर्षी वाचावे.