गर्व व नम्रता, ख्रिस्ती धर्मातील

ख्रिस्ती नीतिविचारात गर्व हे सर्व पापांचे मूळ, तर नम्रता हा सर्व सद्‌गुणांचा पाया मानला जातो. गर्व म्हणजे येथे केवळ स्वतःविषयीचा फाजील अभिमान नव्हे. ईश्वरावरील आपले अवलंबित्व नाकारून स्वतःच स्वतःचा आधार बनू पाहण्याची प्रवृत्ती, असा त्याचा अर्थ आहे. षड्‌रिपूंतील मदाशी त्याचे साम्य दिसते. मात्र ईश्वराविरुद्धचे बंड हा अर्थ त्यात प्रधान आहे.

ग्रीक नीतिविचारात नम्रतेला असे स्थान नव्हते. ॲरिस्टॉटलने स्वतःची थोरवी ओळखून तिला साजेशा सन्मानाची अपेक्षा धरणाऱ्या पुरुषाचा गौरव केला आहे. ‘तापेइनॉस’ (नम्र) हा ग्रीक शब्द तर बहुधा हीन किंवा क्षुद्र या अर्थानेच वापरीत. त्याला प्रतिष्ठा लाभली ती दीनांचा कैवार घेणाऱ्या ईश्वराच्या ज्यू कल्पनेमुळे आणि येशू ख्रिस्ताच्या चरित्रामुळे. ख्रिस्ताने आपले ईश्वरतुल्य पद बाजूस ठेवून दासाचे रूप घेतले व क्रूसावरील मरण पतकरले, असे पॉलने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात प्रतिपादिले आहे. परुशी व जकातदार यांचा दृष्टांत (लूक १८) या संदर्भात महत्त्वाचा आहे. त्यातील परुशी स्वतःविषयी खोटे सांगतो, असे कोठेही म्हटलेले नाही. तो उपवास करतो, दशांश देतो. पण प्रार्थनेतही त्याची दृष्टी शेजाऱ्याच्या उणिवांवर असते, हा त्याचा दोष होय.

गर्वाचे सर्वांत सूक्ष्म विश्लेषण ईजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांनी केले. इव्हॅग्रिअस पाँटिकस (सु. ३४५–३९९) याने आठ कुविचारांची यादी केली व वृथाकीर्तीची हाव आणि गर्व हे तिच्या शेवटी ठेवले. हा क्रम अर्थपूर्ण आहे. खादाडपणा, लोभ इत्यादींवर मात केलेल्या साधकालाच हे दोन विकार ग्रासतात. किंबहुना त्या विजयातूनच ते पोसले जातात. त्याचा विचार पश्चिमेकडे नेणाऱ्या जॉन कॅसियनने (सु. ३६०–४३५) वृथाकीर्तीला कांद्याची उपमा दिली आहे : एक पापुद्रा सोलावा, तर खाली दुसरा असतोच. उंची वस्त्रांचा त्याग करणाऱ्यास फाटक्या वस्त्रांचा अभिमान वाटू लागतो. पुढे पोप पहिला ग्रेगरी (कार. ५९०–६०४) याने गर्वाला यादीतून वेगळे काढून इतर सात पातकांची राणी ठरविले. ‘ईश्वराच्या सेवकांचा सेवक’ ही उपाधी त्याने धारण केली. पोप ती आजही लावतात. अर्थात पुढील काळातील पोपच्या दरबाराचे वैभव तिच्याशी नेहमीच सुसंगत होते, असे नाही.

सेंट बेनेडिक्टच्या (सहावे शतक) मठनियमावलीत नम्रतेच्या बारा पायऱ्या सांगितल्या आहेत. क्लेअरव्होचा सेंट बर्नार्ड (१०९०–११५३) याने त्यांवर लिहिताना गर्वाच्या उतरत्या बारा पायऱ्यांचेच वर्णन विस्ताराने केले. त्याच्या मते अधःपाताचा आरंभ निरर्थक कुतूहलापासून होतो. सेंट टॉमस अक्वाइनस (सु. १२२५–७४) याने नम्रता व मनाचा थोरपणा परस्परविरोधी नसल्याचे दाखविले : पहिली अवाजवी आकांक्षेला आवर घालते, दुसरा नैराश्यापासून वाचवितो. नम्रता म्हणजे आत्मतिरस्कार, हा समज यामुळे निराधार ठरतो. मार्टिन ल्यूथरने (१४८३–१५४६) नम्रतेलाही पुण्यकर्म समजण्यातील धोका ओळखला. आपण नम्र आहोत, असे मानणारा त्याच्या दृष्टीने पुन्हा गर्वाकडेच वळलेला असतो.

या मूल्यावर आक्षेपही घेतले गेले. डेव्हिड ह्यूमने (१७११–७६) नम्रतेची गणना मठवासीयांच्या निरुपयोगी गुणांत केली, तर नीत्शेने (१८४४–१९००) तीत दुर्बलांचा सूड पाहिला. अधिक विचारार्ह आक्षेप ख्रिस्ती विचारवंतांतूनच पुढे आला. राइनहोल्ड नीबुर (१८९२–१९७१) याने सत्ता, ज्ञान व सदाचार यांच्या गर्वाची चिकित्सा केली होती. परंतु गर्व हेच मूळ पाप, हे निदान मुख्यत्वे पुरुषांच्या अनुभवावरून झाले असून, स्वत्व विसरण्याचीच शिकवण मिळालेल्या स्त्रियांना नम्रतेचा उपदेश घातक ठरू शकतो, असे व्हॅलेरी सेव्हिंग या अमेरिकन विदुषीने १९६० मध्ये दाखवून दिले. दास व वसाहतींतील प्रजा यांना केलेल्या अशा उपदेशासही हा आक्षेप लागू पडतो. नम्रतेचा उपदेश कोण कोणाला करतो, हे म्हणूनच पाहावे लागते.

येशूने शेवटच्या भोजनप्रसंगी शिष्यांचे पाय धुतले. त्याच्या स्मरणार्थ ईस्टरपूर्वीच्या गुरुवारी पादक्षालनविधी होतो. रोमन कॅथलिक पंथात तो नियमाने पुरुषांपुरता होता. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस (१९३६–२०२५) यांनी रोममधील बालगुन्हेगारांच्या तुरुंगात मुलींचे व मुस्लिम बंदिवानांचेही पाय धुतले. २०१६ मध्ये नियम बदलून या विधीत स्त्रियांच्या सहभागास मुभा देण्यात आली.