मित्झ्वा : पाळायची आणि समजूनही घ्यायची

गैरसमज : ज्यू धर्म म्हणजे ६१३ मित्झ्वा, अर्थात नियम. ते निमूट पाळले की झालं.

वस्तुस्थिती : ६१३ हा आकडा तालमूद या धर्मचर्चेच्या ग्रंथातल्या रब्बी (धर्मगुरू) सिमलाईंचा. त्यांतल्या २४८ गोष्टी करायच्या, ३६५ टाळायच्या. पण पाळण्यातही मन लागतं. ‘शेमा’ प्रार्थनेचं पहिलं वाक्य लक्ष नसताना म्हटलं, तर ते म्हटलं असं धर्मशास्त्र धरत नाही. पुन्हा म्हणावं लागतं. तेराव्या शतकातले धर्मपंडित नाहमानिडीस याच्याही पुढे गेले. धर्माला चालणारंच मांस आणि चालणारीच दारू, पण त्यांवर सतत ताव मारणारा अधाशी माणूस एकही नियम न मोडता नीच राहू शकतो, असं त्यांनी बजावलं. ‘पवित्र व्हा’ ही आज्ञा अशांसाठी आहे. मला या साऱ्या चर्चेतला हा सर्वांत धाडसी विचार वाटतो.

गैरसमज : ‘का?’ विचारणं म्हणजे अश्रद्धा.

वस्तुस्थिती : तोरा, म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, स्वतःच कारणं देते. शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा सातवा दिवस, का पाळायचा? तोरेतल्या ‘निर्गम’ या पुस्तकात उत्तर मिळतं, देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवून सातव्या दिवशी विसावा घेतला म्हणून. ‘अनुवाद’ या पुस्तकात वेगळंच : तुम्ही इजिप्तमध्ये गुलाम होतात हे आठवा आणि तुमच्या दास-दासींनाही तुमच्यासारखाच विसावा मिळू द्या.

घरट्यातली पिल्लं घेण्याआधी पक्षिणीला उडवून लावावं, अशी एक छोटी आज्ञा आहे. ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीस (११३८–१२०४) म्हणाले, पिल्लं डोळ्यांदेखत गेली की पक्षिणीलाही आईसारखंच दुःख होतं. नाहमानिडीसांना हे पुरेसं वाटलं नाही. माणसाचं काळीज निबर होऊ नये, हे त्यांच्या मते खरं कारण. आज्ञा पाळावी याबद्दल मात्र दोघांत दुमत नव्हतं.

गैरसमज : मग कारण पटलं तरच पाळायचं.

वस्तुस्थिती : इथे तालमूद शलमोन राजाचा दाखला देतो. राजाने फार बायका करू नयेत, त्याचं मन बहकेल, असं तोरा कारणासकट सांगते. शलमोनाला वाटलं, माझं नाही बहकणार. बहकलं.

गैरसमज : अर्थ लावणं हे रब्बींचं काम, बाकीच्यांनी ऐकावं.

वस्तुस्थिती : वल्हांडण सणाच्या रात्री प्रश्न विचारतं ते घरातलं मूल. इजिप्तमधून सुटकेची कथा त्याला समजेल अशी सांगणं, हीच त्या रात्रीची आज्ञा. कोकणातून मुंबईत आलेल्या बेने इस्रायल ज्यू कुटुंबांची भाषा मराठी होती, म्हणून १८४६ मध्ये मुंबईत त्या रात्री वाचायचा ‘हगादा’ ग्रंथ हिब्रूसोबत मराठीतही छापला गेला.