समुद्रकाठच्या घराला जुन्याचा साज

समुद्रकाठी घर म्हटले, की खाऱ्या वाऱ्याशी रोजचीच गाठ. लोखंडी कपाट गंजते, पार्टिकल बोर्डचे टेबल दमटपणाने फुगते. जुने सागवान मात्र अंगच्या तेलामुळे टिकते. उन्हापावसात रुपेरी-करडे होते, तीच त्याची शोभा. म्हणून माळ्यावरचा बाक मोडीत काढण्याआधी त्याला वाळवी लागली नाही ना, एवढे पाहा. सैल सांधे पितळी स्क्रूने आवळा. रंगाचे पोपडे मात्र कोरडे घासू नका. घरगुती रंगांतील शिशावर मर्यादा घालणारे नियम २०१६ सालचे. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते. त्याची धूळ मुलांच्या मेंदूला अपायकारक असते. मुलांना दूर ठेवून, पाणी लावूनच घासा आणि पोपडे ओल्या फडक्याने टिपा. वर सुती गादी घातली, की बाक ओसरीवर मिरवायला मोकळा!