परदेशी निघण्याआधी कागद नि पैसा

पासपोर्टाची पुस्तिका आपल्याच नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाते. पण ती आपल्या नावाने हाती पडायची तर घरचे कागद जुळले पाहिजेत. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, असे पुष्कळ घरांत असते. लग्नानंतर नाव बदललेल्या सुनांचे तर हमखास. ते आधी एकसारखे करून घ्या. मोठ्या माणसाच्या ३६ पानी पासपोर्टाची साधी फी १५०० रुपये, मुदत दहा वर्षे. प्रवासाच्या वेळी निदान सहा महिने मुदत शिल्लक हवी, असा बऱ्याच देशांचा नियम आहे.

व्हिसासाठी बँकेचे खाते तपासतात. द्राक्षे-कांद्याचा पैसा हंगामालाच येतो. म्हणून सातबारा आणि मालविक्रीच्या पट्ट्या जपून ठेवा. ऐन वेळी उसनी रक्कम खात्यात भरली, तर संशय येतो. परकीय चलन बँकेतून किंवा परवानाधारकाकडूनच घ्या, पावती सांभाळा. मूळ कागद एजंटाच्या हाती देताना पोच मागा.

आणि पीककर्जाचा पैसा सहलीला लावू नका. सहल पुढच्या वर्षीही होईल. खत-बियाणे मात्र वेळेवरच लागते.